घंटा झाली की बसणारा आमदार

मी आमदार झालो यात माझा काडीचाही दोष नव्हता. दोष असलाच तर दोन पुढाऱ्यांच्या भांडणाचा. एकाच्या ताब्यात साखर कारखाना, दुसऱ्याच्या ताब्यात बँक, आणि दोघांच्या मध्ये उमेदवारीचं एकच तिकीट. बहात्तरच्या निवडणुकीआधी महिनाभर दोघे असे हटून बसले की एकाच लग्नात दोघे आले तर नवरदेवाला कुठं बसवायचं हा प्रश्न पडे. शेवटी एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. ज्याचा दोघांनाही उपयोग नाही आणि उपद्रवही नाही, असा माणूस उभा करायचा. असा माणूस मिळणं सोपं नसतं. त्यांनी सातारा जिल्हा पालथा घातला, आणि डोंगरातल्या एका हायस्कुलात त्यांना हेडमास्तर सापडला. तो मी.

दोघे एकाच जीपमधून आले. मी नववीच्या वर्गावर होतो. शिपायानं आत येऊन सांगितलं, तर मी म्हणालो, "तास संपायला अठरा मिनिटं आहेत. थांबू द्या." अख्खा जिल्हा ज्यांच्यासाठी थांबायचा ते दोघे उन्हात जीपला टेकून उभे राहिले. नंतर कळलं की तेवढ्या वेळात कारखानावाला बँकवाल्याला म्हणाला होता, "ह्योच पायजे गड्या. ह्येला घंटंशिवाय काय बी कळत न्हाई."

मतदारसंघाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून धडधाकट आहेत. मी मूळचा सांगलीकडचा, पलूसच्या उसातला. आमच्याकडे पोरगं हुशार निघालं की मास्तर होतं, दांडगं निघालं की पलटणीत जातं आणि यांपैकी काहीच निघालं नाही की पुढारी होतं. पहिल्यापासून सुरुवात करून तिसऱ्यावर घसरलेला आमच्या भावकीतला मी एकटाच.

आता घंटेविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकायला घेतली तेव्हा ताकारीजवळ पडलेला हातभर तुकडा मी रीतसर अर्ज करून मिळवला आणि एस्टीनं डोंगरात आणला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. म्हणाला, "वजनानं मोठा हाय, पर उंची बारक्या पोराची हाय." तो तुकडा आम्ही शाळेपुढच्या आंब्याला टांगला. त्याचा टोल इतका खणखणीत की घाटाखाली चिपळुणात लोक त्यावर जेवायला बसत, असं मी सांगत असे, आणि चिपळूणच्या माणसानं अजून ते खोडून काढलेलं नाही. टोल पडला की पोरं वर्गात, टोल पडला की वाक्य अर्धं सोडून मास्तर वर्गाबाहेर. या आणि आधीच्या शाळांत मिळून पंचवीस वर्षं मी हे पाळलं होतं. एकदा "अफझलखानानं मिठी मारली आणि..." इथं टोल पडला. पोरं दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत त्या मिठीत अडकून पडली.

टोल देणारा आमचा शिपाई पलटणीतून हवालदार होऊन आलेला. सगळे त्याला हवालदारच म्हणत. उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याचा टोल ऐकून सूर्य आपलं घड्याळ लावून घ्यायचा. पण पावसाळा लागला की हा माणूस रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा यायचा, तोही छातीपर्यंत ओला. मी मस्टरवर लाल शाईनं शेरा मारायचो, 'उशीर'. चार पावसाळे मारला. तो टाच जुळवून "सॉरी साब" म्हणायचा आणि रुळाकडे पळायचा.

तर मी निवडून आलो. कसा, ते मला विचारू नका. मी फक्त हात जोडून उभा होतो. बाकीचं कारखान्याच्या ट्रकांनी केलं.

मतदारांचे आभार मानायला निघालो तोवर श्रावण उजाडला होता. त्या साली महाराष्ट्रभर दुष्काळ. आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणसं खडी फोडायला लागली होती, मेंढरं घेऊन पाण्याच्या शोधात निघाली होती. पण आमच्या डोंगरातल्या ओढ्याला दुष्काळाची खबर कुणी दिली नव्हती. शाळेच्या खाली तो असा धो धो वाहत होता की पलीकडच्या वाडीत माझ्या स्वागताची हलगी वाजतेय हे फक्त हलगीवाल्याचे हात बघून कळत होतं. वाडी हवालदाराची. तो माझ्यापुढे वाकला आणि म्हणाला, "बसा, सर."

"कुठं?"

"खांद्यावर. दुसरं काय हाय हितं, पालखी?"

मी बसलो. हातात नारळ, डोक्यावर फेटा, खाली हवालदार, त्याखाली ओढा. अर्ध्यात गेल्यावर तो थांबला.

"काय झालं हो?"

"दम खातोय."

"इथं? मध्यात?"

"आवं सर, ह्या पान्यातनं रोज सकाळी अकरा खेपा हायत माज्या. वाडीच्या अकरा पोरी तुमच्या शाळंत येत्यात. एकेक खांद्यावर घ्यायची, अल्याड सोडायची, माघारी यायचं. मग माजी बारावी खेप, वढ्यापासनं घंटंपत्तूर, ती नुस्ती पळत. तरी घंटा मागंच पडती."

चार पावसाळ्यांची लाल शाई एकदम माझ्या तोंडावर आली. मी म्हणालो, "मग कधी बोलला नाहीत ते?"

"तुमी इचारलं कवा? तुमी उशीर किती तेवडं इचारलं. का, ते न्हाई इचारलं."

हलगीवाला काठावर थयथय नाचत होता. लोकांना वाटलं आमदार ओढ्याची पाहणी करताहेत.

"माजी पोरगी सातवीत हाय," हवालदार म्हणाला. "हुशार हाय, तुमीच पयला नंबर दिलाय तिला. पर कराडच्या डॉक्टरनं ह्यो गुडगा दाबून सांगितलंय, हवालदार, फार तर ह्यो एक पावसाळा. पुढल्या साली खांदा बंद म्हंजी अकरा पोरींची शाळा बंद. तवा आता साकवाचं बोला, मग म्होरं जातो."

साकव म्हणजे ओढ्यावरचा अरुंद पायपूल. त्यावरून बैलगाडी जात नाही, पण पोरगी जाते. मी नवीन आमदार, तरी एक शब्द शिकून झालो होतो. म्हणालो, "बघतो."

"बघतो म्हननारं लय बघितलं," तो म्हणाला आणि त्याचा तोच दुखरा गुडघा जरासा वाकला. बर्फासारखं पाणी माझ्या धोतराच्या सोग्याला आणि तिथून आणखी वर लागलं.

"पुढच्या अधिवेशनात मागणी करतो!" मी ओरडलो. "साकव होणार! शब्द!"

काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आयुष्यात दिलेलं सगळ्यात परिणामकारक भाषण ते, सात शब्दांचं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं असतं तर पुढं दीड वर्ष वाचलं असतं.

विधानसभेत प्रत्येक सदस्याला बोलायला मोजकी मिनिटं मिळतात आणि वेळ संपली की अध्यक्ष घंटी वाजवतात. बाकीच्या सदस्यांना ती घंटी म्हणजे देवळातली. वाजली की बरं वाटतं, पुण्य लागल्यासारखं वाटतं, आणि ते आणखी जोरात बोलू लागतात. आमच्या शेजारच्या बाकावरचे एक ऊसवाले सदस्य तर घंटी वाजल्याशिवाय मुद्द्यालाच येत नसत. सातव्या घंटीला त्यांना आठवे की आपल्याला काही मागायचं होतं.

मी पाठाचं टाचण काढून नेलं होतं. मास्तर माणूस टाचणाशिवाय तोंड उघडत नाही. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ, अशा पायऱ्या. साकवाची मागणी अर्थातच उपयोजनात येत होती. मी उभा राहिलो, "अध्यक्ष महाराज" म्हणालो, हाताचा नसलेला खडू झटकला आणि प्रस्तावनेला हात घातला. मानव आणि पाणी. मोहेंजोदडोतली सांडपाण्याची व्यवस्था. विटांची रुंदी. सभागृहात इतकी शांतता की मला वाटलं वर्ग रंगला. नंतर कळलं की पहिल्या रांगेतले दोघे झोपले होते. मी "यावरून आपणांस असे दिसून येते की" इथं आलो आणि टिंग् झालं.

मी बसलो.

ठरवून नाही बसलो. पंचवीस वर्षांचे गुडघे आपोआप बसले. वहीसुद्धा मिटली. एवढंच काय, बसता बसता "उरलेलं उद्या" असंही मी पुटपुटलो. सभागृहात आश्चर्याची लाट उसळली. एका घंटीत बसणारा सदस्य त्या इमारतीनं पाहिला नव्हता. अध्यक्षांनी घंटी उचलून उलटी करून बघितली, काही बिघाड झाला की काय म्हणून.

बसल्यावर आठवलं. साकव राहिला.

दुसरी वेळ नागपूरला, हिवाळी अधिवेशनात. या वेळी प्रस्तावना आखडती घेतली, मोहेंजोदडोवरून थेट नाईल नदीवर आलो. हेतुकथनापर्यंत पोचलो. "आज आपण साकव या घटकाचा" एवढं तोंडातून निघालं आणि टिंग्. बसलो. मागून एक पूर्वेकडचे, मेंढपाळाच्या घरातले सदस्य ओरडले, "मास्तर, तुमचा वढा आमच्याकडं लावून द्या, साकव आमी बांदून देतो!" सगळं सभागृह हसलं. त्यांचं बरोबरच होतं. सगळा महाराष्ट्र पाणी मागत होता आणि मी पाण्यावरनं चालत जायला वाट मागत होतो, आणि तीही धड मागत नव्हतो.

तिसरी वेळ पुन्हा मुंबईला. काय झालं ते सांगत नाही. बसलो.

इकडे गावाकडं बातम्या पोचत होत्या. आमच्या एका साप्ताहिकानं छापलं की सन्माननीय सदस्यांनी मोहेंजोदडोच्या सांडपाण्याकडे सरकारचे लक्ष वेधले. मी पाटणच्या स्टँडवर चहाला थांबलो तर आतून आवाज आला, "आमदारसायेब, ते मोहेंजोदडो आपल्या तालुक्यात येतं का जावळीत?" दुसरा म्हणाला, "आरं, गप रं. मेढ्याच्या म्होरं असंल. तिथनं एकगठ्ठा मतदान झालंय सायबांना." तेवढ्यात चहावाल्यानं बशीवर चमचा आपटला, आणि खोटं सांगत नाही, मी उभा होतो तो बाकड्यावर बसलो. अख्खं स्टँड हसलं.

घरी आमची मंडळी तवा खाली उतरवीत म्हणाली, "मला नवल नाही. लग्नात बँड थांबला तेव्हा तुम्ही माळ हातात ठेवून बसला होता. मामांनी उठवलं तुम्हाला."

पण सरकारात माझी किंमत वाढत चालली होती. ज्या दिवशी सरकार अडचणीत असेल त्या दिवशी मला बोलायला वेळ मिळू लागला. कारण उघड होतं. मी उठणार, सिंधूच्या काठावर फिरवून आणणार, काही न मागता बसणार. मंत्र्यांना तेवढीच झोप. वर आणि 'शिस्तप्रिय सदस्य' म्हणून माझा दाखला देऊ लागले. ही कीर्ती सांगलीपर्यंत गेली. तिथल्या मास्तर मंडळींनी ठरवलं की आमच्यातल्या एकानं शिक्षकी पेशाचं नाव राखलं, त्याचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात लिहिलं होतं की घंटेचा मान राखणारा असा लोकप्रतिनिधी पुन्हा होणे नाही. मला त्या ओळीला भरून आलं होतं, आता सांगायला लाज वाटते.

तो श्रावणच होता, पुढचा. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत मला हवालदार दिसला. सगळे गेल्यावर तो पुढं आला. एक पाय ओढत. शाल अजून माझ्या खांद्यावर होती.

"काय हवालदार, एवढ्या लांब?"

"गुडगा गेला, सर. ह्या साली खांद्यावर एक बी पोरगी उचलली न्हाई. वढ्यावर ह्या झाडाचा दोर त्या झाडाला बांदला. पोरी दोर धरून येत्यात. परवा एकीचा हात सुटला. वाचली, पर दप्तर गेलं. चार घरांनी पोरी काडून घेतल्या. एकीचं तर लगीन बी ठरलं." तो माझ्या शालीकडे बघत होता. "सात हायत. माज्या पोरीला मी दोर धराय सांगतोय, तिचा चुलता म्हनतोय दोर सोड, चूल धर. पुढल्या पावसाळ्याला साकव नसला तर म्या बी तेच म्हननार."

मी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"मी तीन वेळा उभा राहिलो हो," मी म्हणालो.

"व्हय. आनि तीन डाव बसला. माज्या ध्यानात आलंय काय हुतंय ते. तुमी भाषान करत न्हाई, तास घेता. आनि घंटंला भिता."

"भीत नाही. मान देतो."

"आमी पलटनीत हुतो तवा एक घोडं हुतं. तोफ उडली की मटकन खाली बसायचं. ते बी मानच देत असंल." तो म्हणाला, "सायबानं त्येला रोज तोफंजवळ न्हेऊन दाना घातला. महिन्यानं तोफ उडली की घोडं हुबं ऱ्हायचं आनि दाना मागायचं. बगा, जमतंय का."

भाद्रपदातल्या रविवारपासून आमची कवायत सुरू झाली. शाळेला सुट्टी. आंब्याखाली टेबल-खुर्ची, टेबलापाशी मी, रुळापाशी हवालदार हातात लोखंडी सळई घेऊन. मी प्रस्तावना करायची, तो मन मानेल तेव्हा टोल देणार, आणि टोल पडला की मी बसायचं नाही; ओरडायचं, "साकव पाहिजे!"

पहिल्या टोलाला मी बसलो. त्यानं खुर्ची काढून घेतली. दुसऱ्याला मी टेबलावर बसलो. त्यानं टेबल काढून घेतलं. तिसऱ्याला चिखलात बसलो. चिखल त्याला काढून घेता येईना, तेव्हा तो गरजला, "हुबे रहो!" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा टोलानंतर उभा राहिलो, भीतीनं. "आता बोला!" तोंडातून "सा" निघालं. संध्याकाळपर्यंत 'कव' आलं. 'पाहिजे' यायला पितृपक्ष संपावा लागला.

गावाचे मात्र हाल झाले. रविवारी टोल ऐकून पोरं दप्तरं घेऊन पळत येत, लगेच दुसरा टोल ऐकून परत जात. एका सकाळी काही पोरं सतरा वेळा शाळेत येऊन गेली. नांगराचे बैल टोलागणिक थांबू लागले. पोस्टमननं एकाच दिवसात तीनदा टपाल वाटलं, त्यातलं दोनदा तेच. पण माझ्यात फरक पडला. इतका पडला की कराडच्या एस्टीत कंडक्टरनं दोरी ओढून घंटी दिली आणि मी बसल्या जागेवरून उठून ओरडलो, "साकव पाहिजे!" तो म्हणाला, "असल्या नावाचा ष्टाप न्हाई, म्हातारं. हितंच उतरा." देवळात आरतीला कुणी घंटा वाजवली, मी ओरडलो, आणि आमच्या मंडळीनं महिनाभर माझ्याबरोबर देवळात जाणं बंद केलं.

हिवाळ्यात नागपूरला गेलो. निघताना हवालदारानं टाच जुळवली. दुखऱ्या पायाची जुळली नाही. शेजारी त्याची पोरगी उभी होती, आठवीची पुस्तकं छातीशी. मास्तर तीन वेळा नापास झाल्यावर पोरांनी काय बोलायचं असतं?

माझं नाव पुकारलं. मी उठलो. प्रस्तावना सुरू केली आणि घंटीची वाट बघू लागलो. घंटी झाली की ओरडायचं, एवढंच माझ्या अंगात भरलं होतं. मोहेंजोदडो झालं. घंटी नाही. नाईल झाली. घंटी नाही. रोमन लोकांचे पूल झाले, वर बघतो तर अध्यक्ष माझ्याकडं बघून प्रेमानं मान डोलावताहेत. नंतर त्यांनीच सांगितलं, "तुमच्यासारख्या शिस्तीच्या सदस्याला काय घंटी द्यायची? आपण होऊन बसाल म्हटलं."

आता आली का पंचाईत! घंटीशिवाय मागणी तोंडातून निघेना. गळ्यापर्यंत यायची आणि टोल नाही म्हणून परत जायची. मी विषयविवेचन संपवलं, संकलन दोनदा केलं, उपयोजनाच्या दाराशी जाऊन पुन्हा प्रस्तावनेवर आलो. घामानं फेटा ओला झाला. एकेक सदस्य उठून बाहेर निघाला. कोणी चहाला, कोणी संत्री खायला. पाऊण तासानं सभागृहात मी, अध्यक्ष, लिहून घेणारे दोघे आणि ते दोन झोपलेले सदस्य उरलो. माणसं कमी पडली की सभागृह चालवता येत नाही. बाहेरच्यांना बोलवायला मोठी घंटा वाजवतात. जाता जाता कुणीतरी दारातून ती हरकत घेतली.

आणि ती घंटा वाजली! टिंग् नव्हे, घणाणा घणाणा, इमारतभर, थांबायचं नाव नाही. माझ्या रुळाच्या वरचढ.

"साकव पाहिजे!" मी ओरडलो. घंटा चालू. "साकव पाहिजे! साकव पाहिजे!" घंटा थांबेना, त्यामुळं मीही थांबेना. बाहेरून सदस्य धावत आत आले. विरोधी बाकांवरच्यांना वाटलं घोषणाबाजी सुरू झाली, आपण मागं राहिलो. त्यांनी हातातली संत्री खाली ठेवली आणि कशाबद्दल ते न विचारता हात वर केले, "साकव पाहिजे! साकव पाहिजे!" सरकार पक्षाच्यांना वाटलं, हे श्रेय त्यांना जातंय, तेही ओरडू लागले. ते पूर्वेकडचे मेंढपाळ सदस्य तर बाकावर चढले. महाराष्ट्राच्या राजकारणात सगळे पक्ष एका मागणीवर एक झाल्याचं मी पाहिलेलं ते एकमेव उदाहरण. खात्याचे मंत्री तोंड पुसत आत आले, गोंधळ बघून गडबडले आणि उभे राहून म्हणाले, "सभागृहाच्या तीव्र भावना लक्षात घेऊन सरकार ही मागणी मान्य करीत आहे." बाकं वाजली. ते खाली बसले आणि सचिवाला हळूच विचारलं, "कुठला साकव?"

साकव झाला. ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर. दोन खांब, लोखंडी कठडा, रुंदी एवढी की दोन पुढारी समोरासमोर आले तर एकाला मागं जावं लागेल. म्हणूनच बहुधा उद्घाटनाला कारखानावाले आणि बँकवाले दोघेही आले आणि दोघांनाही फीत कापायची होती. तोडगा असा निघाला की एकानं कात्रीचं एक पातं धरायचं, दुसऱ्यानं दुसरं. शाळेच्या बाजूला मांडव घातला. पलीकडच्या काठावर वाडीच्या पोरी दप्तरं घेऊन उभ्या, मध्ये साकव, साकवाच्या आमच्या टोकाला फीत.

साडेनऊपासून भाषणं चालू होती. कारखानावाले म्हणाले साकव त्यांनी आणला. बँकवाले म्हणाले तो त्यांच्या मनात पहिल्यापासून होता. पोरी उभ्याच. आभाळ भरून येत होतं. मग माझी पाळी आली आणि मी मोहेंजोदडोपासून सुरुवात केली. माणसाचा स्वभाव साकव बांधून बदलत नाही.

अकरा वाजले, शाळा भरायची वेळ. मांडवात हवालदार नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आंब्याखालून खणखणीत टोल पडला.

"साकव पाहिजे!" मी साकवाच्या तोंडावर उभा राहून ओरडलो.

"आवं सायेब, ह्यो काय म्होरं!" मांडवातनं कुणीतरी म्हणालं आणि हशा उसळला. पण पोरी हसल्या नाहीत. त्या शिकल्या होत्या माझ्या शाळेत. टोल पडला म्हणजे वर्गात, त्यात फीत येत नाही आणि आमदार येत नाही. त्या सुटल्या. लोखंडी कठडा थरथरला. पहिली हवालदाराची पोरगी, ती फितीखालून वाकून गेली, दुसरीनं फीत छातीवर घेतली आणि तोडून नेली. दोघे पुढारी एका कात्रीचं एकेक पातं धरून उभे होते, फितीचं एक टोक बँकवाल्यांच्या टोपीवर पडलं. मी मोजलं. सात. आणि मागून तिघी, दोरीवाल्या पावसाळ्यात घरी बसवलेल्या. दहा.

अकरावी पलीकडच्या काठावर होती. हातात हिरव्या बांगड्या, कमरेवर घागर. माहेरपणाला आली असावी. ती साकवाच्या मध्यापर्यंत चालत आली, कठड्याला धरून खाली वाहणारं पाणी बघितलं आणि वळून परत गेली. ती ओढा ओलांडून शाळेत यायची तेव्हा मी उजव्या बाजूच्या रांगेत दुसऱ्या बाकावर बसवत असे तिला. मी तीन वेळा बसलो, त्यातल्या एका बसण्याची तेवढी किंमत झाली.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. दोन्ही पुढाऱ्यांचं तोवर माझ्या बाबतीत पुन्हा एकमत झालं होतं.

पण त्या दिवशी मांडव तसाच सोडून मी शाळेत गेलो. आभाळ धरलं होतं, थेंब पडायचा होता. हवालदार रुळापाशी सळई घेऊन उभा. कोरडा. पावसाळ्यात तो मला कोरडा दिसलेला पहिल्यांदाच. मी नव्या हेडमास्तरांच्या टेबलावरचं मस्टर उघडलं. त्याच्या नावापुढची आजची जागा रिकामी होती.

"कितीला टोल दिला?" मी विचारलं.

"अकराला."

"का?"

हवालदारानं माझ्याकडं बघितलं आणि हसून म्हणाला, "लय येळानं इचारलं, सर."